वेळकाळ ओळखणारी मोटार: सामाईक विहिरीवर संदर्भ जाणणारी मोबाईल सेवा कशी उभारावी

जळगाव जिल्ह्यात, गिरणा नदीच्या काठी, भडगाव तालुक्यात आमची विहीर आहे. तीन चुलत भावांत सामाईक. वरच्या अंगाला केळी, खाली कपाशी, मधोमध पंपघर. थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. पाण्याचे वार भावाभावांत ठरलेले. त्यामुळे स्टार्टरचं बटण दाबण्याआधी शेतकरी मनातल्या मनात चार गोष्टी तपासतो: लाईट आली का, आज वार कोणाचा, विहिरीत पाणी किती, आणि तिथे कोणी काम करतंय का. बाजारातला साधा मोबाईल स्टार्टर एवढंच बघतो की फोन ओळखीच्या नंबरवरून आला की नाही. उरलेल्या गोष्टी त्याच्या गावीही नसतात.

या उरलेल्या गोष्टींना संगणकशास्त्रात ‘संदर्भ’ म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१ साली एका लेखात अशी कल्पना मांडली की संगणक टेबलावरून उठून भोवतालात विरघळेल, भिंतीत, खिशात, दारात, आणि तो आहे हे आपल्याला जाणवणारही नाही. १९९४ मध्ये शिलिट आणि थायमर या संशोधकांनी जागा, माणसं आणि वस्तू ओळखून वागणाऱ्या संगणनाला ‘संदर्भ जाणणारं’ हे नाव दिलं. पुढे अनिंद डे यांची व्याख्या सर्वमान्य झाली. तिचा मथितार्थ असा: ज्या माहितीने एखाद्या माणसाची, जागेची किंवा वस्तूची त्या घडीची स्थिती सांगता येते, ती सगळी माहिती म्हणजे संदर्भ. आपण ‘वेळकाळ पाहून वागणं’ म्हणतो, ते हेच.

खाली दिलेली पद्धत मी आमच्या मोटारीवर बांधली, मोडली आणि पुन्हा बांधली. दूध डेअरी, सोसायटीचं गोदाम, ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी, कुठेही तीच लागू पडते. विजेच्या जोडणीचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

पहिली पायरी: कागद आणि पेन

प्रोग्राम लिहायला बसू नका. सेवेतली प्रत्येक क्रिया कागदावर मांडा आणि तिच्यासमोर एकच प्रश्न लिहा: ‘हे चुकून झालं तर काय होईल?’

आमच्याकडे क्रिया चारच होत्या: मोटार चालू करणं, बंद करणं, स्थिती पाहणं, वार बदलणं. चुकून बंद झाली तर एक वाफा कोरडा राहील. चुकून चालू झाली तर माणूस जाऊ शकतो. स्थिती चुकीच्या माणसाला दिसली तर भावकीत कुरबुर होईल. वार चुकून बदलला तर भांडण होईल, पण ते दुसऱ्या दिवशी मिटवता येतं. या चार चुकांचं वजन सारखं नाही, आणि पुढचे सगळे निर्णय या वजनावरून घ्यायचे आहेत. यावरून आमचा पहिला नियम ठरला: बंद करायला कोणाचीही परवानगी लागणार नाही. तिन्ही घरांतलं कोणीही, सालदार, अगदी बांधावरचा शेजारीही पंपघरातलं लाल बटण दाबून मोटार थांबवू शकतो. अटी सगळ्या चालू करण्यावर.

दुसरी पायरी: संदर्भ कुठून येतो आणि किती वेळ टिकतो

आता प्रत्येक माहितीचा उगम लिहा. लाईट आहे का, हे पंपघरातल्या पेटीने मोजायचं. आम्ही पेटीत ईएसपी३२ हा स्वस्त कंट्रोलर, म्हणजे छोटासा संगणक, वापरला. तो तिन्ही फेजचा विजेचा दाब वेगवेगळा पाहतो, कारण दोनच फेज आल्या तर मोटार जळते. मोटार खरोखर फिरते का, हे वायरीभोवती बसवलेल्या करंट क्लॅम्पवरून कळतं. पाणी तुटलं की मोटारीवरचा भार उतरतो आणि करंट खाली येतो, म्हणून तीच पेटी कोरडी चाललेली मोटारही ओळखते. वार कोणाचा, हे तिन्ही घरांनी मान्य केलेल्या तक्त्यात असतं. माणूस कुठे आहे, हे फोन सांगतो, आणि इथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

प्रत्येक माहिती साठवताना चार रकाने ठेवा: मूल्य, कधी मिळालं, कुठून मिळालं, किती खात्रीचं आहे. नुसतं ‘लाईट आहे’ असं कधीही साठवू नका. ‘लाईट आहे, रात्री १२ वाजून १६ मिनिटांनी, पंपघरातल्या पेटीकडून, तिन्ही फेज’ असं साठवा. मग प्रत्येकाची मुदत ठरवा. आम्ही फेजची माहिती ३० सेकंद ग्राह्य धरली, माणसाच्या जागेची २ मिनिटं, विहिरीच्या पातळीची १५ मिनिटं आणि वाराचा तक्ता आठवडाभर. मुदत संपलेली माहिती खोटी असते असं नाही, पण ती ‘माहीत नाही’ या खान्यात टाकायची. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे दोन खाने वेगळे ठेवा. मी सुरुवातीला ते एकत्र केले होते. त्याचं काय झालं ते चौथ्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: जागा ओळखणं

मोकळ्या आभाळाखाली मोबाईलचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. दाट केळीत, पत्र्याच्या पंपघरात किंवा विहिरीत उतरल्यावर ती अचूकता जाते आणि फोन टॉवरवरून अंदाज बांधायला लागतो. खेड्यात टॉवर लांब लांब असल्यामुळे हा अंदाज शेकडो मीटर, कधी त्याहूनही जास्त चुकतो. म्हणून त्याचा उपयोग नाही असं समजू नका. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप जीपीएस आणि इंटरनेट नसतानाही टॉवरवरूनच सांगतं की गाडी भुसावळच्या अलीकडे आहे की पलीकडे. गाडी रुळावरून हलत नाही आणि दोन-चार किलोमीटरच्या चुकीने प्रवाशाचं बिघडत नाही, म्हणून तिथे ते चालतं. विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरचं वर्तुळ धरतं. त्यालाही एवढी जागा पुरते. तुमच्या क्रियेला जागा किती बारीक लागते ते आधी ठरवा, मग साधन निवडा.

शेताभोवती आभासी कुंपण घालायचं असेल, म्हणजे अँड्रॉइडचं जिओफेन्स, तर काही गोष्टी हाताशी ठेवा. एका ॲपला एका फोनवर १०० कुंपणं मिळतात. कुंपणाची त्रिज्या १०० ते १५० मीटरपेक्षा लहान ठेवू नका. मी ४० मीटर ठेवली होती, आणि घरी जेवायला बसलेल्या काकांना ‘तुम्ही विहिरीवर पोहोचलात’ असा निरोप दिवसातून चार वेळा यायचा. ॲप मागे चालू असेल तर कुंपण ओलांडल्याची खबर साधारण दोन-तीन मिनिटं उशिरा येते, फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर त्याहून उशिरा. फोन बंद करून चालू केला की कुंपणं पुसली जातात, ती पुन्हा नोंदवावी लागतात. रस्त्याने मोटारसायकलवर जाणारा माणूस ‘आत आला’ म्हणून मोजला जाऊ नये, यासाठी आत शिरण्याची घटना न घेता काही वेळ आत थांबल्याची घटना घ्या.

काठावर उभ्या असलेल्या फोनचं आत-बाहेर, आत-बाहेर होत राहतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन वर्तुळं: १२० मीटरच्या आत आला की ‘आत’, आणि १८० मीटरच्या पलीकडे गेला तरच ‘बाहेर’.

परवानगीचंही बघा. अँड्रॉइड १० पासून मागे चालू असताना जागा वाचायची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि अँड्रॉइड १२ पासून माणूस ‘ढोबळ जागा’ निवडू शकतो. ढोबळ म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटर. आमचं अख्खं शिवार त्यात मावतं. कोणी ती निवडली तर त्याला सेवा नाकारू नका. कुंपणाचा भाग त्याच्यापुरता बंद करा आणि तसं त्याला स्पष्ट सांगा.

पंपघराच्या दाराशीच ओळख पटवायची असेल तर जीपीएसच्या नादी लागू नका. दारावर क्यूआर कोड लावा किंवा छोटा ब्लूटूथ बीकन, म्हणजे जवळ आलेल्या फोनला खूण देणारं यंत्र, बसवा. दहा पावलांच्या आतली जागा ओळखायला तेच खरं साधन. क्यूआरचा फोटो काढून कोणी घरूनही स्कॅन करू शकतो, म्हणून तो एकटा पुरावा धरू नये.

चौथी पायरी: नियम, आणि विहिरीतला माणूस

संगणक व्यवस्थांमध्ये परवानगी बहुधा भूमिकेवरून दिली जाते: मालक असाल तर हे उघडेल, नोकर असाल तर ते. आपल्याला तेवढं पुरत नाही. मालक तिघेही आहेत, पण मंगळवारी पाणी एकाचंच. म्हणून नियमात माणूस, क्रिया, वस्तू आणि त्या घडीची स्थिती अशा चारही गोष्टींचे गुण पाहावे लागतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१४ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शिका काढली होती. तिचं सार असं की कोण आहेस एवढंच विचारायचं नाही. कशासाठी, कुठल्या वस्तूवर आणि कुठल्या परिस्थितीत, हेही विचारायचं.

नियम आधी मराठीत लिहा, आणि तिन्ही घरांना वाचून दाखवा. आमचा नियम असा होता: ‘ज्याचा वार आहे त्याच्या घरातला माणूस, तिन्ही फेज सलग तीन मिनिटं स्थिर असतील, विहिरीत फुटबॉलच्या वर पाणी असेल आणि विहिरीजवळ कोणी नसेल, तर मोटार चालू करू शकतो.’ फुटबॉल म्हणजे नळाच्या तळाशी बसवलेला फूटव्हॉल्व्ह, सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेला. तीन मिनिटांची अट सगळ्या शिवारासाठी आहे. लाईट येताक्षणी एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उचलल्या तर विजेचा दाब पडतो आणि डीपी जळते. म्हणून तीन मिनिटांवर आणखी अर्ध्या ते तीन मिनिटांचा, दर वेळी वेगळा असा विलंब आमची पेटी स्वतःहून लावते.

नियम ऐकायला पक्का वाटतो ना? मलाही वाटला होता.

एका सकाळी आमचे सालदार मामा फुटबॉलात अडकलेला पाला काढायला विहिरीत उतरले. त्यांचा फोन रात्री संपला होता, तो घरी चार्जिंगला लावलेला. लाईट आली, तीन मिनिटं स्थिर राहिली, वार आमचा होता, पाणी होतं. ‘विहिरीजवळ कोणी नाही’ हे माझ्या प्रोग्रामने ठरवलं, कारण विहिरीजवळ कोणाचाही फोन नव्हता. भावाने घरून बटण दाबलं. मोटार उचलली, पाइपाला झटका बसला. मामांचा हात त्या वेळी फुटबॉलवर नव्हता, शिडीवर होता, म्हणून ते वर आले. पंपघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी मला एवढंच सांगितलं, ‘भाऊ, आधी मी फ्यूज काढून खिशात ठेवायचो. तुमची पेटी आली म्हणून ठेवला नाही.’

चूक माझी होती, आणि ती प्रोग्रामच्या एका ओळीत नव्हती. जिथे फोन नाही तिथे माणूस नाही, असं मी गृहीत धरलं होतं. वर, मामांच्या खिशातल्या फ्यूजसारखी खात्रीची युक्ती माझ्या पेटीमुळे सुटली होती. त्यानंतर हे तीन बदल केले, आणि कुठलीही यंत्रं दुरून चालवणाऱ्याने ते करावेत असं मला मनापासून वाटतं.

पंपघरात चावीचा स्विच बसवला. मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा जो कॉन्टॅक्टर असतो, त्याच्या कॉइलच्या वाटेतच वायरमनने तो घातला. चावी काढली की पेटी, फोन, इंटरनेटवरचा सर्व्हर कोणीही कितीही सांगो, मोटार उचलणार नाही. विहिरीत उतरणाऱ्याने मेन बंद करून फ्यूज आणि चावी दोन्ही खिशात ठेवायची.

जीव गुंतलेला आहे अशा क्रियेत फोनची जागा फक्त अडवण्यासाठी वापरायची, सोडण्यासाठी नाही. विहिरीजवळ फोन दिसला तर चालू करणं अडवा. फोन दिसला नाही तर त्यावरून काहीही ठरवू नका. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे.

आणि मोटार उचलण्याआधी पंपघरावरचा भोंगा ३० सेकंद वाजतो. त्या अर्ध्या मिनिटात आसपासचं कोणीही लाल बटण दाबू शकतं.

पाचवी पायरी: रेंज नसेल तेव्हा

गिरणेच्या खोलगटात रेंज येते-जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात तर ती नाहीच असं धरून चाला. म्हणून अंतिम निर्णय पंपघरातल्या पेटीतच व्हायला हवा. सर्व्हर वाराचा तक्ता आणि नियम पेटीत पाठवून ठेवतो, आणि फोनकडून येते ती फक्त विनंती.

निरोप पोहोचवायला आम्ही एमक्यूटीटी वापरतो. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी ही पद्धत निघाली, त्यामुळे तुटक्या आणि महागड्या जोडणीची तिला सवय आहे. तीन खुबी लक्षात ठेवा. पेटीने जोडणी करतानाच आपला ‘शेवटचा निरोप’ ठेवून द्यायचा: ‘मी दिसेनाशी झाले तर सगळ्यांना कळवा.’ पेटीने ‘मी आहे’ अशी खूण ठरावीक वेळाने पाठवायची असते; त्या वेळेच्या दीडपट वेळ काहीच आलं नाही तर सर्व्हर तो निरोप वाटतो, आणि फोनवर ‘पंपघराशी संपर्क नाही’ असं दिसतं. दुसरं, स्थितीचे निरोप ‘राखून ठेवा’ या प्रकारात पाठवा, म्हणजे उशिरा जोडल्या गेलेल्या फोनलाही शेवटची स्थिती कळते. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘चालू कर’ हा हुकूम कधीही राखून ठेवू नका. राखलेला हुकूम पेटी पुन्हा जोडली गेली की लगेच तिच्या हातात पडतो, मग तो काल दुपारचा का असेना. प्रत्येक हुकुमावर मुदत घाला. आमची ६० सेकंदांची आहे. पेटीच्या घड्याळाने मुदत टळलेली दिसली की हुकूम फेकायचा आणि माणसाला कळवायचं. त्यासाठी पेटीत बॅटरीवर चालणारं घड्याळ हवं, नाहीतर लाईट गेल्यावर तिला वेळच माहीत नसते.

इंटरनेट नसेल तर एसएमएस किंवा मिस्ड कॉलची सोय ठेवता येते, पण ती फक्त बंद करण्यासाठी आणि स्थिती विचारण्यासाठी. फोन कोणाच्या नंबरवरून आला हे खोटं दाखवता येतं.

सहावी पायरी: कोणाला काय दिसावं

जागा वाचणारी सेवा सामाईक विहिरीवर बसवली की भावकीला एकमेकांच्या हालचाली दिसायला लागतात. कोण तालुक्याला गेलं, कोणाची सून माहेरी गेली, रात्री बांधावर कोण होतं. ही माहिती मोटारीला लागत नाही. म्हणून आमचं ॲप जागेचा हिशोब फोनमध्येच करतं आणि बाहेर एकच शब्द पाठवतं: ‘जवळ’. तोही कोणाचा फोन हे न सांगता, आणि दोन मिनिटांनी तो पुसला जातो. नोंदवहीत कोणी, कधी, काय केलं हे राहतं. कोण कुठे होतं हे राहत नाही.

नकाशासाठी जागा साठवायचीच असेल तर अक्षांश-रेखांशाचे तीनच दशांश ठेवा. आपल्या खानदेशात, २१ अंशांच्या आसपास, तिसरा दशांश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०४ मीटर. शेत कळतं, घराचं दार कळत नाही.

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली असावी, देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचता यावी, असं तो म्हणतो. मराठी त्यात आहे. अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी नाहीत. म्हणून कागद मराठीत ठेवा आणि समजावताना घरातल्या बोलीत बोला. मी तिन्ही घरांतल्या बायांना ओट्यावर बसून सांगितलं की फोन काय पाठवतो आणि काय नाही. दोघींनी जागेची परवानगी नाकारली. त्यांच्या फोनवर बंद करण्याचं बटण आणि मोटारीची स्थिती एवढंच दिसतं, आणि ते त्यांना पुरतं.

सातवी पायरी: नकाराचं कारण

यंत्र ‘परवानगी नाही’ एवढंच म्हणालं तर माणूस चिडतो आणि पळवाट शोधतो. कारण सांगा, एका वाक्यात, पुढे काय करायचं त्यासकट. ‘तिसरी फेज नाही, आल्यावर कळवतो.’ ‘आज नानांचा वार आहे, त्यांना विचारू का?’ ‘चावी काढलेली आहे, पंपघरात कोणीतरी काम करत असावं.’ हे निरोप आम्ही आवाजातही ठेवले, आमच्या काकूंच्या आवाजात, अहिराणीतून. रात्री साडेबाराला डोळे चोळत स्क्रीन वाचण्यापेक्षा ‘लाईट उनी’ (लाईट आली) कानावर पडणं कितीतरी सोपं.

दुसऱ्याच्या वारी पाणी हवं असेल तर नियम मोडायची खिडकी ठेवू नका, मागायची खिडकी ठेवा. ज्याचा वार आहे त्याने ‘हो’ म्हटलं की त्या दिवसापुरता तक्ता बदलतो आणि तिघांनाही कळतं.

आठवी पायरी: आधी मुकी चाचणी

पेटी जोडा, पण पहिले १५ दिवस तिला मोटार उचलू देऊ नका. ‘मी असते तर आत्ता चालू केली असती’ किंवा ‘अडवली असती’ एवढंच ती लिहील. मोटार नेहमीसारखी हाताने चालवा आणि पंपघरातल्या वहीत वेळ लिहा. पंधरा दिवसांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बसा. जिथे पेटी ‘चालू’ म्हणाली आणि माणसाने चालू केली नव्हती, ती प्रत्येक ओळ तपासा, का केली नव्हती ते त्या माणसाला विचारा. आमच्या वहीत अशी एक ओळ होती: कपाशीवर त्या दिवशी फवारणी चालली होती. ते माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. आता ॲपमध्ये ‘आज शेतात काम आहे’ असं एक बटण आहे, आणि ते दिवस मावळला की आपोआप सुटतं.

मग मुद्दाम बिघाड करा. सिम काढा. रात्रपाळीत लाईट गेल्याबरोबर परत आली असं करून पाहा. वार बदलण्याच्या मध्यरात्री, बारा वाजायला एक मिनिट असताना हुकूम द्या. फोन घरी ठेवून स्वतः पंपघरात उभे राहा आणि घरच्यांना बटण दाबायला सांगा. मे महिन्यात पत्र्याखाली पेटी उघडून पाहा. जळगावचा पारा ४४-४५ ला जातो तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं, आणि बरेचसे फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आम्ही पेटी उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, वर छोटं छप्पर करून लावली.

सोळाव्या दिवशी वायरमनला बोलवा आणि कॉन्टॅक्टर जोडा. पहिल्यांदा मोटार उचलेल तेव्हा सालदाराला शेजारी उभं करा आणि चावी त्याच्या हातात द्या. आमच्या पंपघरात आता चावीच्या स्विचशेजारी दोन खिळे आहेत. एक रिकामा असतो, दुसऱ्यावर मामांच्या नावाची पत्र्याची चकती. मामा विहिरीत उतरताना स्विचमधली चावी काढून खिशात ठेवतात आणि रिकाम्या खिळ्यावर चकती अडकवतात.